न लिहिलेला शेल

रणधीरनं पहिल्यांदा जोडाचा हात मोडला तेव्हा तालमीत पेढे वाटले होते. मोडलेला हात माझ्या कंपनीचा, पेढे वाटणारा माझा धाकटा भाऊ, आणि 'हात गैरवापरानं मोडलेला नाही' असं कंपनीला पटवून देणारी मी. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता.

कुस्तीत तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याला जोड म्हणतात. २०४१ सालापर्यंत आमच्या वेदगंगेकाठच्या तालमींत पठ्ठे होते, पण त्यांना रोजच्या सरावाला जोड मिळत नव्हता. मग कोल्हापुरातल्या आमच्या कंपनीनं यंत्राचा जोड काढला. माणसाएवढी उंची, जाड रबरी कातडी, डोक्याच्या जागी नुसता गोळा. धोबीपछाड घालायचा, पट काढायचा, सवारी भरायचा. पठ्ठ्यानं थाप मारली की सोडून द्यायचा.

त्याच्या आत मोटारी नव्हत्या. पीळ भरलेल्या नायलॉनच्या धाग्यांच्या जुड्या होत्या. वीज दिली की धागे तापून आखडतात, निवले की सैल पडतात. आखडताना त्यांच्यात माणसाच्या स्नायूच्या कितीतरी पट जोर येतो. खोट एकच. तापायला क्षण पुरतो, निवायला वेळ लागतो. वीज तोडली तरी आवळलेला हात सुटायला नऊ-दहा सेकंद जायचे. म्हणून मुळात जोरच बेतानं लावायचा. तो बेत राखायचा प्रोग्रॅम मी लिहीत होते.

प्रत्येक पठ्ठ्यासाठी तो वेगळा बांधावा लागे. दर सोमवारी तालमीत वजनं-मापं व्हायची, आकडे संगणकात जायचे, आणि त्यावरून त्या आठवड्याचा प्रोग्रॅम तयार व्हायचा. पठ्ठ्याचं वजन वाढलं की जोडाची ताकद वाढायची. पण वजन वाढलं म्हणून मान जाड होतेच असं नाही. म्हणून शेवटी मानेची परीक्षा ठेवली होती. संगणकातच त्या पठ्ठ्याचा पुतळा उभा करायचा, नव्या ताकदीनं त्याच्या मानेला कस द्यायचा, आणि मान टिकली नाही तर बांधणी तिथंच थांबवायची. बांधणी थांबली की जोड त्या पठ्ठ्यासाठी उभाच राहायचा नाही. ही परीक्षा मी डोळ्यांत तेल घालून लिहिली होती, आणि तिच्यात चूक नव्हती. आजही नाही.

चूक वहीपायी झाली.

आमच्या तालमीचे वस्ताद हिंदूराव पाऊणशे वर्षांचे. तालमीत कुणी किती जोर मारले, किती बैठका काढल्या, कुणाचा कान सुजला, हे रोज एका वहीत उतरतं. त्यांच्या वस्तादांच्या काळापासूनची रीत. जोड आला तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "पोरी, तुझं यंत्र माझ्या पोरांच्या अंगाला हात लावणार. तवा त्येनं काय केलं, काय न्हाई, ते माझ्या वहीत मराठीत उतरलं पायजे. मी रोज सांजच्याला वाचतो."

"वस्ताद, ते सगळं संगणकात असतंय की."

"संगणकात असू दे तुझ्या. माझ्या वहीत पायजे."

मग मी परीक्षेचा निकाल वहीच्या कागदावर छापणारं एक छोटं काम लिहिलं आणि परीक्षेला जोडून दिलं. परीक्षा, मग एक उभी रेघ, मग वही. परीक्षा जे बोलेल ते सरळ वहीच्या कानात. एकाच ओळीत दोन कामं. वस्ताद खूश, मी खूश.

आता इथं थोडं थांबून शेल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रक्त तिथूनच सांडलं. बांधणीचं अवजार स्वतः काही करत नाही. ते मी लिहिलेली कामांची यादी वाचतं आणि एकेक ओळ शेलच्या हातात देतं. शेल हा मधला मुकादम. तो ती ओळ संगणकाकडून करवून घेतो आणि परत येऊन एवढंच सांगतो: झालं, किंवा फसलं. फसलं म्हणाला की बांधणी थांबते. पण एका ओळीत दोन कामं असतील, आणि त्यातलं पहिलं फसून दुसरं नीट झालं असेल, तर मुकादमानं काय सांगायचं? इथं शेलाशेलांत फरक आहे. एक शेल परीक्षेचं अपयश लक्षात ठेवतो. दुसरा रांगेतल्या फक्त शेवटच्याला विचारतो.

कोणता शेल वापरायचा हे यादीत लिहिता येतं. लिहिलं नाही तर अवजार त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ठरलेला शेल उचलतं. आमच्या ऑफिसातल्या संगणकांवर एक सिस्टिम होती. तालमींना दिलेल्या संगणकांवर दुसरी. मी ऑफिसात मुद्दाम खोटी, बारीक मान घालून बघितली, बांधणी थांबली. माझं समाधान झालं आणि तीच यादी मी बत्तीस तालमींना पाठवून दिली.

त्या सोमवारी मी सुट्टी काढून गावी आले होते. सकाळचे आठ वाजले असतील. कुस्तीचा हौद नुकता उकरून झाला होता, तांबड्या मातीवर ताक आणि हळद शिंपडली होती. बाई म्हणून मी हौदाच्या कडेलाच उभी होते. दऱ्याप्पा हिरेमठ लंगोट कसून उतरला. रणधीरचा जिवाभावाचा दोस्त. त्यानं गेल्या दोन महिन्यांत दहा किलो वजन वाढवलं होतं, वरच्या गटात खेळायचं म्हणून. संगणकाशी आदगोंडा चौगुले सर बसले होते. शाळेत संगणक शिकवायचे, आता कंपनीनं त्यांना तालमीत नेमलं होतं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'बांधणी पूर्ण' आलं आणि सरांनी बटण दाबलं.

दऱ्याप्पानं माती कपाळाला लावली आणि जोडाला भिडला. पहिल्याच झटक्याला जोडानं त्याला असा खेचला की तो चार पावलं भेलकांडला. पोरं हसली. "आज जेवून आलंय यंत्र!" असं कुणीतरी ओरडलं. दऱ्याप्पा पटात शिरला, जोडानं त्याला खाली दाबलं, तो पाठीवर चढला, त्यानं एक हात मानेखालून घातला आणि दुसऱ्यानं त्याचे दोन्ही हात पोटाखाली अडकवले. थाप मारायला हात मोकळा नव्हता.

त्याचा चेहरा माझ्याकडे होता. आधी तो लाल झाला, मग जांभळा. तोंडातून आवाज निघाला तो शब्द नव्हता.

"वीज तोडा!" वस्ताद ओरडले. आदगोंडा सरांनी तोडली. जोडाचे दिवे गेले, पण हात सुटला नाही. धागे तापलेले होते. रणधीरनं हौद उकरायचं फावडं उचललं आणि जोडाच्या खांद्यावर घातलं. रबर फाटलं, आतले धागे तटातट तुटले, त्यातल्या चटक्यानं रणधीरचा दंड भाजला, तरी तो घाव घालत राहिला. कुणी ताकाची बादली जोडावर ओतली. वाफ आली. सहाव्या की सातव्या घावाला हात तुटून पडला.

दऱ्याप्पाची मान एका बाजूला लोळली. माणसाची मान इतकी वळते हे मी तोवर बघितलं नव्हतं. रणधीरनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडातली माती बोटानं काढत बसला. काढत बसला, काढत बसला, शेवटी वस्तादांनी त्याचा हात धरला.

वहीचा कागद छापून बाहेर पडला होता. त्यावर सुवाच्य मराठीत लिहिलं होतं: दऱ्याप्पा हिरेमठ. मान: नापास.

तो कागद मी वाचला. परीक्षा नापास झाली होती, तर बांधणी पूर्ण कशी झाली? ऑफिसात परतल्यावर मी तालमीतली सिस्टिम माझ्या टेबलावर उभी केली आणि तीच यादी चालवली. परीक्षा नापास झाली. वहीनं 'नापास' असं प्रामाणिकपणे लिहून घेतलं आणि 'माझं झालं' म्हणाली. तिथल्या शेलनं फक्त तिलाच विचारलं होतं. बांधणी पूर्ण.

मी साहेबांच्या खोलीत गेले. आमचे साहेब, सबनीस, चौकशीचा अहवाल पाठवून नुकतेच चहा घेत होते. अहवालात लिहिलं होतं की नापास हा शेरा छापून आलेला असताना यंत्रचालक श्री. चौगुले यांनी तो वाचला नाही.

"सर, पडद्यावर पूर्ण आलं होतं. कागद त्यांच्या पाठीमागं छापला जात होता."

"तुमच्या यादीची फाईल इथं थांबते की नाही?"

"इथं थांबते. तिथं नाही थांबत."

"मग फाईलमध्ये चूक नाही. तिथला शेल आपण बनवलेला नाही."

"पण कुठला शेल वापरायचा ते लिहायचं काम माझं होतं, सर. मी लिहिलं नाही."

सबनीसांनी कप खाली ठेवला. "अहवाल गेलाय, मगदूम. बाकीच्या तालमींतली फाईल आजच्या आज दुरुस्त करा. आणि तोंड उघडू नका."

मी बाकीच्या एकतीस तालमींची यादी दुरुस्त केली आणि मूग गिळून बसले. आठ दिवस. त्या आठ दिवसांबद्दल मला कुणी भित्री म्हटलं तर मी भांडणार नाही. मी भित्रीच होते. नोकरीला भीत नव्हते, रणधीरला भीत होते. दऱ्याप्पाला कुणी मारलं हे तो रोज फोनवर विचारत होता आणि मी रोज "चौकशी चालू आहे" म्हणत होते. मग अहवाल गावात पोचला.

नवव्या दिवशी, दुपारी, त्याचा फोन आला. मागं माणसांचा कल्ला होता.

"आक्का, सापडला बघ. अहवालात नाव हाय त्येचं. तो मास्तर. आज हौदात उतरवलाय त्येला."

"रणधीर, काय करतोयस तू?"

"कुस्ती करालोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चाळीस किलोमीटर मी गाडी कशी हाणली ते मला आठवत नाही. तालमीचं दार आतून लावलेलं होतं. मी लाथा घातल्या तेव्हा कुणीतरी उघडलं.

आदगोंडा सर हौदात होते. पंचेचाळिशीचा, मधुमेहाच्या गोळ्या खाणारा माणूस, बनियनवर. चष्मा फुटला होता आणि एक काच गालात रुतली होती. रणधीर त्यांच्या समोर लंगोटावर उभा. पद्धत सगळी रीतसर होती. माती लावायची, सलामी द्यायची, आणि मग उचलून आपटायचं. हौदात सलामी झाली की ती कुस्ती, मारहाण नव्हे. असला कायदा आमच्याच लोकांना सुचतो.

"उठा, मास्तर," रणधीर म्हणाला. "डाव संपला न्हाई अजून."

सर उठले नाहीत. रणधीरनं त्यांना काखेत धरून उभं केलं, सलामीसाठी त्यांचा लोंबता हात आपल्या हातात घेतला, आणि कमरेवर घेऊन फेकलं. बरगड्या मोडल्याचा आवाज कडेपर्यंत आला. सरांच्या तोंडातून रक्ताची लाळ मातीत गेली. वीसेक पठ्ठे कडेला उभे होते आणि कुणीही आडवं येत नव्हतं. वस्ताद भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मी वाचला न्हाई कागद," सर पुटपुटत होते. "चुकलं माझं. वाचायला पायजे होता."

ते ऐकून मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी तशीच पुढं झाले. चपला घालून हौदात उतरले. त्या मातीत आजवर कुणी चप्पल घालून पाय ठेवला नव्हता, बाईनं तर नाहीच. वीसच्या वीस जण एकदम ओरडले. रक्त बघून गप्प राहिलेले, चप्पल बघून ओरडले.

रणधीर वळला. "आक्का, भाईर हो."

"सोड त्यांना. त्यांचा काही दोष नाही. माझा आहे."

"वाचवायला खोटं बोलू नकोस."

"वस्ताद," मी म्हणाले, "इकडं बघा. तुम्ही वही मागितलीत. मी मानेच्या परीक्षेपुढं वही जोडली. परीक्षा बोलणार, वही लिहून घेणार. आणि एक मुकादम असतो, दोघांकडून काम करवून घेणारा. आमच्या ऑफिसातला मुकादम परीक्षेला विचारतो, पास का नापास. इथल्या संगणकातला मुकादम तसा नाही. तो शेवटच्यालाच विचारतो. वही म्हणाली, माझं लिहून झालं. तो म्हणाला, मग सगळं झालं. कुठला मुकादम लावायचा हे मी लिहायला पाहिजे होतं. मी लिहिलं नाही. म्हणून जोड उठला."

हिंदूराव वस्ताद हळूहळू वळले. "म्हंजे मी वही मागितली म्हणून..."

"नाही, वस्ताद. वही मागण्यात काही चुकलं नाही. मुकादमाचं नाव लिहायचं काम माझं."

रणधीरनं आदगोंडा सरांचा हात सोडला. तो माझ्याकडे चालत आला. घाम, माती आणि दंडावरच्या भाजलेल्या जखमेचा वास. "तुला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि रोज मला फोनवर..."

"हो."

त्यानं माझा उजवा हात मनगटापाशी धरला. मला वाटलं तो मला बाहेर ओढणार. त्यानं दुसरा हात कोपराखाली घातला, आणि मला कळलं. मी हात मागं घेतला नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी ताप आला की तो याच हाताला धरून झोपायचा. आवाज मी आधी ऐकला, कळ मागून आली. मी गुडघ्यांवर बसले आणि मातीतच ओकले.

मग तो माझ्यासमोर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "आक्का, आक्का," एवढंच. थोड्या वेळानं त्यानंच सरांना खांद्यावर घेतलं, मला दुसऱ्या हातानं धरलं, आणि वस्तादांच्या जीपमधून दोघांनाही सरकारी दवाखान्यात नेलं. सरांच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, डाव्या डोळ्याची खात्री डॉक्टर देईनात. माझ्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती.

जबाब घ्यायला शेडबाळे हवालदार आले. रणधीर माझ्या खाटेशी उभा होता.

"कुणी केलं?"

"दोघांनाबी मीच," रणधीर म्हणाला. सरांनीही शुद्धीवर आल्यावर तेच सांगितलं. हवालदारांनी ते भराभर लिहून घेतलं, कलमं त्यांना तोंडपाठ होती.

"आता माझं लिहा," मी म्हणाले. "दऱ्याप्पा हिरेमठला मी मारलं."

हवालदार थांबले. मी त्यांना शेल समजावला. दोनदा. त्यांनी एक ओळ लिहिली आणि खोडली.

"ताई, त्या वेळेला तुम्ही हौदात होता?"

"नाही. कडेला."

"बटण तुम्ही दाबलं?"

"नाही."

"यंत्राला हात लावला?"

"नाही."

"मग मी लिहू काय? जे लिहिलंच न्हाई त्येचं कलम कुठलं?" ते वैतागून नव्हे, खरंच विचारत होते. "कंपनीचा अहवाल आलाय. त्यात तुमचं नाव न्हाई. तुम्हाला दुखालंय, जरा पडा."

रणधीरला घेऊन ते गेले. मला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी न जाता मी हिरेमठांच्या घरी गेले. दऱ्याप्पाची आई गंगव्वा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ती ऐकताना शेंगा फोडायची थांबली नाही.

"एवढंच लिवायचं राहिलं?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"लिवायला किती येळ लागतोय?"

"अर्धं मिनिट."

तिनं मान हलवली. ती मला मारेल म्हणून मी तिथंच बसून राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या प्लास्टरकडे बघितलं.

"हे रणधीरनं केलं म्हणत्यात."

"हो."

"दऱ्याप्पा आणि तो एका ताटात जेवल्यात माझ्या घरात," ती म्हणाली. "एक पोर गेलं. दुसरं आत बसलंय. तू शिकलेली हाईस, त्येला सोडवून आण. तेवढं तरी कर माझ्यासाठी."

मी तिला सांगितलं की मला ते करता येणार नाही. तक्रार आदगोंडा सरांची होती, त्यांचा डोळा गेला होता, आणि तक्रार खरी होती.